तोब्रुक, २० जून १९४२ : मराठा पलटणीवर चालून आलेली सकाळ

परळला एका वाचनालयाच्या माळ्यावर आम्ही आठ-दहा माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. एक लढाई निवडायची, नकाशा पसरायचा, आणि जे घडलं ते तसंच का घडलं याचा माग काढायचा. गेल्या वेळी दुसऱ्या महायुद्धातलं तोब्रुक होतं. इंजिनिअरिंगला असलेला आमच्यातला सर्वांत लहान मुलगा नकाशावर वाकून म्हणाला, "म्हणजे जर्मन मराठ्यांच्याच सेक्टरमधून आत घुसले ना? मग तोब्रुक पाडलं कुणी?"

खिडकीपाशी आमचे सुभेदारसाहेब बसले होते. मूळचे माण तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, आता मुलीकडे डोंबिवलीला असतात. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत राहिले. मुलाच्या बोलण्यात खोच नव्हती. नकाशा पाहून जे दिसेल तेच त्याने विचारलं होतं, आणि पुस्तकांतही साधारण तेच एका ओळीत लिहिलेलं सापडतं: हल्ला आग्नेयेकडून आला, तिथे ११वी हिंदी ब्रिगेड होती, ब्रिगेडच्या मध्यावर २/५ मराठा (५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण) होती, तिथे भगदाड पडलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरी हे वाक्य त्या पलटणीवर अन्याय करतं असं मला वाटतं. का वाटतं, ते या प्रकरणातून मांडतो.

जागा

तोब्रुक हे लिबियाच्या किनाऱ्यावरचं बंदर. मागे वाळवंट, आणि तेही आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं मऊ वाळूच्या टेकड्यांचं नव्हे. वर धुळीचा पातळ थर आणि खाली चुनखडीचा खडक. कुदळ मारली की ठिणगी उडते. माणसाला लपायला खड्डा हवा असेल तर तो आधीच्या कुणीतरी खणून ठेवलेला असला तरच मिळतो. तोब्रुकला तो इटालियनांनी खणून ठेवला होता. बंदराभोवती अर्धवर्तुळात काँक्रीटची ठाणी, त्यांच्यापुढे काटेरी तार, सुरुंग आणि रणगाडे अडवणारा खंदक. या कड्याची लांबी पन्नास किलोमीटरच्या घरात. चर्चगेटहून गाडीत बसलात आणि वसईला उतरलात, तर जवळपास एवढं अंतर कापून होतं.

आपल्याकडे गड लढवायची रीत जुनी आहे. शिबंदी पुरेशी हवी, कोठारात दाणागोटा हवा, टाक्यांत पाणी हवं, आणि तटाची डागडुजी पावसाळ्याआधी झालेली हवी. यातली एखादी गोष्ट कमी पडली तरी किल्लेदार वेळ काढतो. पण तटाची डागडुजीच राहिली असेल तर बुरुजावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मरण्यापलीकडे फार काही उरत नाही. तोब्रुकची कोठारं भरलेली होती. कच्चा होता तो तट.

तो कच्चा कसा झाला हे समजायला वर्षभर मागे जावं लागतं. एप्रिल १९४१मध्ये जर्मन सेनापती रोमेलने याच बंदराला वेढा घातला होता. तेव्हा आत मोर्सहेडच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाची ९वी डिव्हिजन होती. आपल्या १८व्या कॅव्हलरीचे जवानही त्या वेढ्यात होते. रात्री पुढे जाऊन गस्त घालायची, पहिली रांग फुटली तर मागची रांग तयार ठेवायची, रणगाडे आत आले तर येऊ द्यायचे आणि त्यांच्यामागून येणारं पायदळ तोडायचं, अशा पद्धतीने त्यांनी ठाणी टिकवली. वेढा डिसेंबरमध्ये उठला. तोब्रुक म्हणजे अभेद्य, हे नाव त्या आठ महिन्यांत झालं आणि पुढच्या वर्षी हेच नाव नडलं.

वेढा चालू होता तोवर तोब्रुकला समुद्रातून रसद पोचवताना नौदलाची बरीच जहाजं बुडाली. पुन्हा तशी वेळ आली तर आपल्याला झेपणार नाही, असं नौदलाने स्पष्ट कळवलं. त्यामुळे १९४२च्या सुरुवातीलाच मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश फौजांचा सरसेनापती ऑकिन्लेक याने ठरवलं की तोब्रुक पुन्हा वेढ्यात अडकू द्यायचं नाही. निर्णय समंजस होता. पण एकदा ठरलं की इथे वेढा होणार नाही, मग या तटावर सुरुंग कशाला ठेवायचे? पश्चिमेला गझालाची नवी संरक्षणफळी उभी राहत होती. तिला सुरुंग लाखांनी हवे होते. तोब्रुकच्या कड्यावरचे सुरुंग उपटून तिकडे नेले गेले. रणगाडा-खंदक वाऱ्याने आणलेल्या वाळूने भरत गेला. काही ठिकाणी गाड्यांची ये-जा सोपी व्हावी म्हणून तो मुद्दाम बुजवला गेला. यातली कुठलीही गोष्ट गुपचूप झाली नाही, आणि कुणाच्या हलगर्जीपणानेही नाही. प्रत्येक वेळी त्या-त्या दिवसापुरतं कारण होतं.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त शिकवणारी बाजू हीच वाटते, म्हणून तिच्यावर इतका वेळ घेतला.

आदेश

२६ मे १९४२ला रोमेलने गझाला फळीवर हल्ला चढवला. जूनच्या मध्यापर्यंत ब्रिटिशांचे बरेच रणगाडे गेले होते आणि गझालाची फळी सोडून माघार सुरू झाली. आता तोब्रुकचं काय करायचं?

चर्चिलचा लंडनहून आग्रह असा, की तोब्रुक सोडायचा विचारही करू नये. ऑकिन्लेक म्हणत होता, तोब्रुकच्या बाहेर, पश्चिम-दक्षिणेला फळी धरा, पण वेढा पडू देऊ नका. प्रत्यक्ष रणांगणावर असलेल्या, आठव्या सैन्याचा प्रमुख असलेल्या रिचीला त्या फळीवर धरायला पुरेसं सैन्य उरलं नव्हतं. तिघांचे शब्द वेगळे आणि तिघांचाही अर्थ ऐकणाऱ्याने आपापल्या सोयीने लावायचा. यातून निष्पन्न काय झालं, तर तोब्रुक ठेवायचं; पण ते वेढा सोसण्यासाठी ठेवलंय की माघारीचा टप्पा म्हणून, हे आतल्या माणसाला कळलंच नाही.

आतला माणूस म्हणजे मेजर जनरल क्लॉपर. दक्षिण आफ्रिकेच्या २ऱ्या डिव्हिजनचा प्रमुख, पदावर येऊन महिनाच झालेला. त्याच्याकडे दक्षिण आफ्रिकेच्या दोन ब्रिगेड होत्या, त्यांनी पश्चिम आणि दक्षिण-पश्चिमेचा कडा धरला. पूर्वेला आपली ११वी हिंदी ब्रिगेड, ब्रिगेडियर अँडरसनच्या हाताखाली. तिच्यात तीन पलटणी: ब्रिटिश कॅमेरॉन हायलँडर्स, २/७ गुरखा आणि मध्ये २/५ मराठा. शिवाय गार्ड्स ब्रिगेड आणि पायदळाला साथ देणाऱ्या जाड चिलखताच्या रणगाड्यांची एक ब्रिगेड राखीव. माणसं एकूण तीस हजारांच्या वर, पण त्यातले हजारो बंदर, गोदामं, वर्कशॉप आणि इस्पितळं सांभाळणारे.

सरळ भागाकार करून पाहा. पन्नास किलोमीटरचा कडा, तीन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडच्या तीन पलटणी. म्हणजे एका पलटणीच्या वाट्याला साधारण साडेपाच किलोमीटर आले. मुंबई सेंट्रलपासून दादरपर्यंत जवळपास तेवढं अंतर भरतं. पलटणीत आठशेच्या आसपास माणसं. त्यातून मुख्यालय, लंगर, गाड्या आणि एक राखीव कंपनी वजा करा. लोअर परळच्या स्टेशनवरून प्रभादेवीकडे नजर टाका आणि त्या पट्ट्यात शे-सव्वाशे माणसं ठाण्याठाण्यांत बसलेली कल्पा. त्यांच्यापुढचा खंदक वाळूने भरलेला आहे आणि सुरुंग कुठे उरलेत हे त्यांनाच नीट ठाऊक नाही, कारण ते इथे नुकते आलेत.

आमच्या बैठकीत इथे सुभेदारसाहेब पहिल्यांदा बोलले. "बाळा, ठाणं म्हणजे भिंत नसते. ठाणं म्हणजे बंदुकीचा टप्पा. शेजारच्या ठाण्याच्या गोळीत माझी गोळी मिसळली तर मधली जागा माझी. नाही मिसळली तर ती वाऱ्याची."

विमानं

हा भाग छोटा आहे, पण तो वगळला तर पुढची सकाळ समजत नाही. १७ जूनच्या सुमारास रोमेल तोब्रुकला वळसा घालून पूर्वेला गेला. तो इजिप्तच्या सरहद्दीकडे धावतोय असं दिसलं. वाटेत गंबुतचे विमानतळ त्याच्या हाती पडले. तिथून उठणारी ब्रिटिश लढाऊ विमानं मागे हटली, आणि मागच्या तळांवरून तोब्रुकच्या आकाशात येऊन थांबणं त्यांना शक्यच राहिलं नाही. १८ तारखेला वेढा पूर्ण झाला. १९च्या रात्री रोमेल वळून आग्नेयेला येऊन उभा राहिला. आदल्या वर्षी नोव्हेंबरात याच बाजूने हल्ला करायची त्याची योजना होती. ती तेव्हा अर्धवट राहिली होती आणि त्या वेळी साठवून ठेवलेला तोफांचा दारूगोळाही त्याच्या माणसांना वाळवंटात तसाच पडलेला सापडला.

थोडक्यात, त्याला जागा ठाऊक होती आणि आमच्या पलटणीला नव्हती.

सकाळ

२० जून, शनिवार. उजाडता-उजाडता स्टुका विमानं आली. जवळच्या धावपट्ट्यांवरून उठायची, बॉम्ब टाकायची, परत जाऊन भरून यायची. दीडशेच्या आसपास बॉम्बफेकी विमानं एका अरुंद पट्ट्यावर आळीपाळीने येत राहिली, आणि तो पट्टा होता २/५ मराठाचा. बॉम्ब ठाण्यांवर पडत होते तसे तारांवर आणि उरल्यासुरल्या सुरुंगांवरही पडत होते. जोडीला जर्मन आणि इटालियन तोफखाना. धुळीचा आणि धुराचा पडदा इतका की शेजारचं ठाणं दिसेना. सुभेदारसाहेबांच्या शब्दांत सांगायचं तर गोळीत गोळी मिसळणं तिथेच संपलं.

त्या पडद्याआडून जर्मन पायदळ आणि सॅपर पुढे सरकले. सुरुंग उपसले, तार कापली, खंदकावर पूल टाकले. मोक्याची चार-दोन ठाणी पडली की मधली जागा खरोखरच वाऱ्याची होते. सातच्या सुमारास अँडरसनने पलटणीच्या राखीव कंपनीला प्रतिहल्ल्याचा हुकूम दिला. कंपनी गेली. उघड्यावरून, वरून विमानं आणि समोरून मशीनगन असताना गेली. ते जमलं नाही. आठनंतर रणगाडे खंदक ओलांडून आत येऊ लागले.

प्रश्न खरा इथून पुढचा आहे. कड्यावरची पहिली रांग फुटणं ही कुठल्याही वेढ्यात नवलाची गोष्ट नाही. १९४१मध्ये ऑस्ट्रेलियनांच्या रांगेतही रणगाडे शिरले होते. फुटल्यावर मागून कोण येतं, यावर वेढा ठरतो. म्हणून आम्ही नकाशावर मराठ्यांच्या ठाण्यांवरून बोट उचललं आणि मागे नेलं.

मागे तोफखाना होता, चांगला होता. पण सगळ्या तोफांची दिशा एका हाताने फिरवणारा माणूस नव्हता. कड्याच्या वेगवेगळ्या भागांना वाटून दिलेल्या तोफा आपापल्या भागाकडे तोंड करून राहिल्या. ज्या वेळी खंदकाच्या पुलांवर जर्मन गाड्या एकामागे एक खोळंबल्या होत्या, त्या वेळी त्यांच्यावर जो भडिमार व्हायला हवा होता तो झालाच नाही.

मागे रणगाडे होते. त्यांना हुकूम पोचला उशिरा, आणि पोचला तेव्हाही त्यात शंका होती: फक्त तयार राहायचं की निघायचं? गार्ड्सचं राखीव पायदळ ठरलेल्या जागी रणगाड्यांची वाट पाहत थांबलं. रणगाडे आले ते तुकड्या-तुकड्यांनी, पायदळाशिवाय, दोन वेगळ्या वेळांना. दोन्ही तुकड्या मोडल्या गेल्या. मी मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवतो, हुकूमांची साखळी तुटते म्हणजे काय होतं हे त्यांना सांगताना शब्द कमी पडतात. इथे ते सरळ दिसतं: दोन चांगल्या तुकड्या एकाच मदतीला निघाल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत.

दुपारी दोनच्या सुमारास जर्मन किंग्ज क्रॉस नावाच्या नाक्यावर पोचले. तिथून बंदर उतारावर दिसतं. चारच्या सुमारास क्लॉपरला आपलं मुख्यालय उठवावं लागलं. संदेशयंत्रणा मोडून पडली आणि त्यानंतर पश्चिमेच्या दोन आफ्रिकी ब्रिगेडना, ज्यांच्यावर जवळजवळ गोळीच झाडली गेली नव्हती, पूर्वेला काय चाललंय हे नीट कळलं नाही. संध्याकाळी जर्मन रणगाडे बंदरात होते. २१ जूनच्या सकाळी क्लॉपरने शरणागती दिली. तीस हजारांवर माणसं कैदी झाली. त्यात आपले हिंदी सैनिक अडीच हजारांच्या आसपास. सुमारे दोन हजार गाड्या आणि पाच हजार टन अन्नसामग्री रोमेलच्या हाती लागली. त्याच जोरावर तो इजिप्तमध्ये घुसला.

आणि एक गोष्ट. शरणागतीनंतरही मराठ्यांच्या एका बाजूचे गुरखे २१च्या संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या बाजूचे कॅमेरॉन २२ तारखेपर्यंत लढत राहिले. ब्रिगेड तीच, अँडरसन तोच, तटही तोच मोडका. फरक एवढाच की दीडशे विमानं आणि दोन पँझर (रणगाड्यांच्या) डिव्हिजन त्यांच्या अंगावर पहिल्या तासात आल्या नव्हत्या. २/५ मराठाच्या जागी या दोघांपैकी कुणीही असतं तर त्या ओळीत फक्त नाव बदललं असतं, असं मी ठामपणे म्हणतो.

मुलाचा दुसरा प्रश्न

मुलगा हुशार आहे, इतक्यावर तो थांबला नाही. "पण सर, पलटणीला काहीच वेगळं करता आलं नसतं का?"

खरं सांगायचं तर थोडंफार आलं असतं. राखीव कंपनी रणगाडे येईपर्यंत रोखून धरली असती तर ती एकटी उघड्यावर कापली गेली नसती. पण रणगाडे वेळेवर येणार नव्हते, त्यामुळे ती थांबली असती तर थांबूनच राहिली असती. ब्रिगेडियरला हे सात वाजता ठाऊक नव्हतं. त्याने जो नियम शिकला होता तो पाळला: भगदाड ताजं असताना बुजवायला जा. तास उलटला की ते बुजत नाही. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही.

त्याच वर्षी ब्रिटिशांनी चौकशी समिती बसवली. तिच्यापुढे मुख्य प्रश्न वरच्या आदेशांचा होता. मराठी वाचकाने मात्र हे प्रकरण खालून वर वाचावं असं मला वाटतं, कारण आपली माणसं खाली होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी. याच गावांतून एक भाऊ पलटणीत जायचा आणि दुसरा गिरणीत. गावाकडे पैसे दोन्हीकडून यायचे, एक मनिऑर्डर बेळगावच्या शिक्क्याची आणि एक परळ पोस्टाची. तोब्रुक पडल्याची बातमी मुंबईत आली तेव्हा गोवालिया टँकवर 'छोडो भारत' म्हणायला जेमतेम सात आठवडे उरले होते. लालबागच्या चाळीतला गिरणी कामगार संध्याकाळी सभेला जात असेल आणि त्याच्या भावाची खबर लागत नसेल, अशी घरं होती. त्या माणसाच्या मनात एकाच वेळी काय-काय चाललं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. ब्रिटिश राज्य जावं आणि ब्रिटिशांच्या पलटणीतला भाऊ परत यावा, या दोन इच्छांमध्ये त्याला विरोध वाटत नसणार.

सुभेदारसाहेबांनी बैठक संपता-संपता हेच सांगितलं, न विचारता. त्यांचे मोठे चुलते २/५मध्ये शिपाई होते. वडील तेव्हा लालबागला एका खोलीत आठ जणांबरोबर राहत, गिरणीत साच्यावर होते. जुलैमध्ये गावी तार आली, 'बेपत्ता'. आजीने तारेचा कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि कुणाला तोंडातून अवाक्षर काढू दिलं नाही. मग दिवाळीच्या पुढेमागे एक छापील कार्ड आलं, इटलीतल्या कैदी छावणीतून. छापील मजकूर इंग्रजीत, तो गावात कुणाला वाचता येईना. खाली मात्र चुलत्यांनी आपल्या हाताने नाव लिहिलेलं होतं, देवनागरीत, वळण मोडकं. वडिलांनी गावी जाऊन ते कार्ड मुंबईला आणलं, गिरणीतल्या कारकुनाकडून वाचून घेतलं, आणि वाचून झाल्यावरही ते त्याच्याकडून पुन्हा-पुन्हा वाचून घेत राहिले.

"चुलते परत आले?" मुलाने विचारलं.

"आले. पंचेचाळीस साली. तोब्रुकबद्दल कधी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, त्या दिवशी धूर एवढा होता की शेजारच्या ठाण्यातला हवालदार हाका मारतोय का रडतोय ते कळत नव्हतं."

मग त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला आणि ठाण्यांच्या खुणांवरून बोट फिरवत राहिले. चुलते कुठल्या कंपनीत होते ते त्यांना ठाऊक नाही. कार्ड अजून डोंबिवलीच्या घरी आहे, त्यावर कदाचित लिहिलेलं असेल म्हणाले. पुढच्या बैठकीला घेऊन येणार आहेत.